बाप मेल्याचा पुरावा: एका पटकथेचा प्रकरण अभ्यास

प्रकरण एका अडलेल्या पटकथेचे आहे. नागपुरातील काही तरुण लेखकांनी ‘विंटर्स बोन’ हा २०१० चा अमेरिकी चित्रपट समोर ठेवून, त्याच जातीची कथा विदर्भातल्या खेड्यात घडवून पाहण्याचा सराव हाती घेतला होता. सुरुवातीची काही पाने झाली आणि पुढे पटकथा हलेना. पात्रे ठीक होती, बोली चोख होती, गरिबी तर आजूबाजूला पाहूनच लिहिलेली होती. तरीही मूळ चित्रपटात जी धाकधूक सुरुवातीलाच लागते आणि शेवटपर्यंत सुटत नाही, ती या पानांत कुठेच उतरली नव्हती. माझा व्यवसाय वकिलीचा, आणि सिव्हिल लाइन्समधील जिल्हा व सत्र न्यायालयात जामिनाची कामे रोजची. कायद्याच्या बाजूने काही खटकते का, एवढेच पाहून द्यावे म्हणून ती पाने माझ्याकडे आली. खटकत होते ते कायद्याचेच होते, आणि धाकधूक नाहीशी होण्याचे कारणही तेच होते, असे माझे मत झाले. (सराव होता म्हणून ठीक, असा चित्रपट खरोखर करायचा तर मूळ कथेचे हक्क आधी घ्यावे लागतात, हे पहिल्याच बैठकीत सांगून टाकले.)

मूळ चित्रपटातील गाठ

डेब्रा ग्रॅनिक यांचा हा चित्रपट डॅनियल वुड्रेल यांच्या २००६ मधील कादंबरीवर आधारलेला आहे. मिसुरी राज्यातील ओझार्क नावाच्या डोंगराळ, दरिद्री भागात, सुमारे वीस लाख डॉलरमध्ये तो चित्रित झाला, म्हणजे हॉलिवूडच्या हिशेबाने किरकोळ पैशांत. सनडान्स महोत्सवात त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि पुढे ऑस्करची चार नामांकने मिळाली, त्यांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचेही एक होते. मुख्य भूमिकेतील जेनिफर लॉरेन्स आणि काकाच्या भूमिकेतील जॉन हॉक्स या दोघांनाही अभिनयाचे नामांकन होते.

कथा री डॉली या सतरा वर्षांच्या मुलीची आहे. आईचे मन हरवलेले, बारा वर्षांचा भाऊ आणि सहा वर्षांची बहीण पदरात, बाप जेसप चोरून मेथ नावाचा अमली पदार्थ बनवणारा. तो पकडला गेला, जामिनावर सुटला आणि बेपत्ता झाला. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, एक दिवस दारात येऊन सांगतो की बापाने जामिनासाठी राहते घर आणि जंगलाची जमीन लिहून दिली आहे, आणि तारखेला तो हजर झाला नाही तर दोन्ही जातील.

इथून पुढची प्रत्येक घटना या एका कागदावर उभी आहे. जिवंत बाप सापडला तर घर वाचते, मेलेला सापडला तरी वाचते. सापडलाच नाही तर मात्र जाते. खोऱ्यातल्या प्रत्येक जाणत्या माणसाला जेसपचे काय झाले ते ठाऊक आहे, कारण त्याने शेरीफकडे तोंड उघडले होते आणि त्या भागात त्याची शिक्षा काय असते हे सर्वांनाच माहीत आहे. परंतु ठाऊक असणे निराळे आणि कोर्टात चालेल असा पुरावा निराळा. मुलगी बापाला शोधायला निघते आणि अर्ध्या वाटेवर तिच्या लक्षात येते की आपण आता प्रेत शोधत आहोत. माझ्या मते चित्रपटातील सगळी भीती या बदलात आहे. बापाचे मरण सिद्ध व्हावे अशी इच्छा पोटच्या मुलीला धरावी लागते, आणि दिग्दर्शिका त्यावर एकही अश्रू गाळत नाही.

शेवटाकडे, ज्या बायकांनी तिला आधी गोठ्यात मरेस्तोवर मारलेले असते, त्याच बायका तिला रात्री नावेतून तळ्यावर नेतात, पाण्यातले प्रेत तिला धरायला लावतात आणि करवतीने त्याचे हात कापून देतात. दोन्ही हात, कारण एकच दिला तर आरोपीने पळून जाण्यासाठी स्वतःचा हात तोडला असे म्हणता येईल. हे दृश्य क्रौर्यासाठी म्हणून लिहिलेले असते तर ते विसरले गेले असते. ते अंगावर येते ते त्यातल्या व्यवहारामुळे. हात शेरीफकडे जातात, मरण मान्य होते, घर वाचते. त्यानंतर जामिनाचा धंदा करणारा माणूस येऊन रोख रक्कम देऊन जातो, कारण घर आणि जमीन मिळूनही जामिनाची रक्कम भरली नव्हती आणि उरलेले पैसे एका अनामिकाने आणून भरले होते. जेसपला बाहेर काढायला पैसे भरणारे कोण आणि कशासाठी, हे कोणी उच्चारत नाही. उच्चारायची गरजही उरत नाही.

नागपुरात ही गाठ कुठे सुटते

लेखकांनी हाच कागद जसाच्या तसा उचलला होता. त्यांच्या पटकथेत काटोलकडच्या एका गावातला बाप दारूच्या गुन्ह्यात पकडला जातो, ‘जामीन एजन्सी’कडे घर गहाण ठेवतो आणि गायब होतो, एजन्सीचा माणूस मोटारसायकलवरून येऊन मुलीला मुदत देतो.

असा धंदा आपल्याकडे नाही. पैसे घेऊन जामीन भरणारी परवानाधारक कंपनी भारतीय कायद्यात बसत नाही. इथे आरोपी स्वतःचे बंधपत्र लिहून देतो आणि न्यायालयाला बहुधा त्याखेरीज एक किंवा दोन जामीनदार लागतात. जामीनदार म्हणजे हाडामांसाचा माणूस, जो आपला सातबारा, कर भरल्याची पावती किंवा तहसीलचा ऐपत दाखला घेऊन न्यायाधीशासमोर उभा राहतो आणि आरोपी हजर न झाल्यास अमुक रक्कम भरीन असे लिहून देतो. आरोपी गैरहजर राहिला की आधी वॉरंट निघते, मग बंधपत्र जप्त होते आणि जामीनदाराला नोटीस जाते; ही तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४६ मध्ये होती आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९१ मध्ये आहे. रक्कम भरली नाही तर ती दंडासारखी वसूल होते, आणि वसूल होत नसेल तर जामीनदाराला दिवाणी तुरुंगात सहा महिन्यांपर्यंत ठेवता येते.

गरिबाला असा माणूस मिळणे किती अवघड असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मोती राम खटल्यात लिहून ठेवले आहे. त्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला गेला होता आणि त्याचा सख्खा भाऊ जामीन राहायला तयार असूनही, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून दंडाधिकाऱ्यांनी तो नाकारला होता. न्या. कृष्ण अय्यर यांनी रक्कम एक हजारावर आणली. कोर्टाच्या आवारात भाड्याने मिळणारे जामीनदारही असतात हे मी नाकारणार नाही, परंतु खेड्यातल्या कुटुंबाच्या बाबतीत जामीनदार बहुतेक वेळा नात्यातलाच असतो.

हे लक्षात घेतले की कथेतली भीती जागा बदलते. ओझार्कमध्ये घर घ्यायला येणार आहे ती एक परकी यंत्रणा, आणि नातेवाईक भयंकर आहेत ते त्यांच्या मौनामुळे. नागपूरच्या कोर्टात जे जाणार आहे ते मुलीचे घर नसून तिच्या चुलत काकांचे पैसे आहेत. परका कोणी तिच्या दारात येणारच नाही. येणार तो काका, ज्याच्या मांडीवर ती खेळली आहे. तो आल्यावर तिला त्याला पाणी द्यावे लागेल, बाजेवर चादर अंथरावी लागेल. हे मी लेखकांना सांगितले तेव्हा त्यांच्यातल्या एकीने विचारले, “मग आपली पोरगी घाबरीन कायले? जाईन तं काकाचं जाईन.” प्रश्न अगदी बरोबर होता. पुढचे सगळे काम त्याचे उत्तर शोधण्याचे होते.

पोत्याचे वजन आणि खरेदीखत

उत्तराचा पहिला भाग गुन्ह्याशी संबंधित निघाला. वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे आणि नागपूर जिल्हा त्याला लागून आहे, त्यामुळे चोरटी दारू हा विषय लेखकांना हाताशी वाटला होता. परंतु दारूच्या साध्या गुन्ह्यातला जामीन इतक्या कमी रकमेचा असतो की त्यासाठी कोणाचे घर पणाला लागत नाही. मी गांजा सुचवला, आणि पोत्याचे वजन अठरा किलो लिहायला सांगितले. अमली पदार्थविरोधी कायद्याखाली गांजाची व्यापारी मात्रा वीस किलोपासून सुरू होते. तिथे कलम ३७ आडवे येते आणि आरोपी दोषी नसावा असे न्यायालयाला वाजवी कारणांवरून वाटल्याशिवाय जामीन मिळत नाही. बावीस किलो लिहिले असते तर बाप तुरुंगातच राहिला असता आणि पटकथा तिथेच संपली असती. अठरा किलोला तो सुटू शकतो, आणि लाखाचा जामीनदार मागितला गेला तरी कोणाला अतिशयोक्ती वाटत नाही.

दुसरा भाग म्हणजे काका. एक लाखाची जोखीम चुलत भाऊ फुकट घेत नाही. तो आरोपीकडून उलट हमी मागतो, आणि अशी हमी उघडपणे लिहून घेता येत नाही, कारण आरोपीनेच जामीनदाराच्या नुकसानीची भरपाई करण्याचा करार न्यायालये सार्वजनिक धोरणाविरुद्ध मानतात. जामीनदाराला स्वतःचे काही जाण्याची धास्ती उरली नाही तर त्याच्या जामिनाला अर्थच राहत नाही. म्हणून लोक दुसरा मार्ग काढतात. विदर्भात सावकारीत जे वर्षानुवर्षे चालत आले आहे तेच इथे होते: कर्जापोटी जमिनीचे नोंदणीकृत खरेदीखत करून घ्यायचे आणि “पैसे फिटले की परत करून देतो” असे तोंडी सांगायचे. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम २०१४ मध्ये अशा अवैध सावकारीतून घेतलेली जमीन परत देण्याचा अधिकार जिल्हा निबंधकाला दिलेला आहे, पण तो कर्जासाठी आहे. इथे कर्ज नाहीच, दिलाय तो जामीन. मुलीला तो दरवाजा जवळजवळ बंद आहे.

तेव्हा पटकथा अशी बदलली: बाप सुटून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन तीन एकर कोरडवाहू शेताचे, शेतातल्या घरासकट, खरेदीखत काकांना करून देतो. काका ते पाकीट लोखंडी कपाटात ठेवतो. महिनाभरात बाप नाहीसा होतो. आता काकाला दोन्हीकडून फायदा आहे आणि त्याला स्वतःलाही ते हळूहळूच कळते. बाप हजर झाला नाही तर लाख रुपये जातील, पण कितीतरी लाखांचे शेत राहील. तो दुष्ट नाही. नातेवाइकाच्या अडचणीत एक कागद करून ठेवावा इतपत व्यवहारी आहे, आणि माझ्या अनुभवात अशा माणसापासून सुटका करून घेणे दुष्टापेक्षा कठीण जाते.

खोऱ्यातल्या टोळीची जागा गांजाच्या साखळीने घेतली. वकिलाची फी कोणी भरली आणि काकाला जामीन राहायला कोणी गळ घातली, हे उत्तरार्धात कळते. मूळ चित्रपटातल्या त्या अनामिक रोख रकमेचे हे नागपुरी रूप, आणि ते लेखकांनी स्वतःच काढले.

ज्या गोष्टी सहज बदलल्या

ऋतूवर फार वाद झाला नाही. ओझार्कमध्ये दैन्य हिवाळ्यात दिसते. आपल्याकडे हिवाळ्यात कापूस वेचायला मजुरी असते, संत्र्याच्या बागेत काम असते. इथला कोरडा काळ मे अखेरचा, म्हणजे नवतपाचा: मजुरी बंद, विहीर तळाला, आणि पेरणीच्या बियाण्याचे पैसे उभे करायचे दिवस तोंडावर. पटकथा तिथे गेली.

भूक दाखवणे अधिक अवघड ठरले. मूळ चित्रपटात री धाकट्या भावंडांना खार मारून सोलायला शिकवते, आणि ते दृश्य शिकवणीसारखे शांत आहे. इथे ते चालणार नाही, कारण रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. घरात गहू-तांदूळ आहेत. नाही ते तेल, डाळ, तिखट आणि रोख पैसा. शेवटी दृश्य असे लिहिले गेले: मुलगी दुकानातून दहा रुपयांचे तेल प्लास्टिकच्या पुडीत आणते, पुडीचा कोपरा दाताने कापून कढईत सोडते, मग पुडी उलटी करून ती भाकरीच्या पिठावर पिळते आणि रिकामी पुडी भावाच्या हातात देते; तो ती केसांना घासतो. संवाद नाही. वाचताना मला ते मूळ दृश्याच्या तोडीचे वाटले.

सैन्यभरतीचा प्रसंग काढून टाकावा असे मी सुचवले. चित्रपटात री चाळीस हजार डॉलरच्या आशेने भरती कार्यालयात जाते आणि तिथला अधिकारी, जी भूमिका एका खऱ्या भरती अधिकाऱ्यानेच केली आहे, तिला समजुतीने परत पाठवतो. आपल्याकडे अग्निवीर भरतीचे किमान वय साडेसतरा आहे, पण हाती पडणारा मोठा पैसा चार वर्षे झाल्यावर मिळतो. पुढच्या आठवड्यात शेत वाचवायला त्याचा उपयोग नाही. लेखकांना तो प्रसंग प्रिय होता, तरी गेला.

तरोटा

एक प्रसंग मात्र मूळपेक्षा सरस झाला, असे मी पक्षपाताचा आरोप पत्करून म्हणतो. चित्रपटात एक नातेवाईक रीला जळून गेलेली मेथची भट्टी दाखवतो आणि तुझा बाप यातच जळाला असे सांगून शोध थांबवू पाहतो. जळक्या जागेत उंच रान वाढलेले पाहून तिला कळते की आग जुनी आहे.

पटकथेत मोठेबाबा, म्हणजे बापाचे थोरले भाऊ, मुलीला एक जळका गोठा दाखवतात. माल तिथे ठेवलेला होता, चैत्रात आग लागली, बाप आत होता, आता शोधू नको, असे ते सांगतात. (हे मोठेबाबा मूळ चित्रपटातल्या टीअरड्रॉप काकाच्या जागी आहेत: आधी पुतणीला धमकावणारे, नंतर तिच्या बाजूने जीव धोक्यात घालणारे. त्यांच्यावर निराळे लिहावे लागेल.) गोठ्याची मयाल काळी पडून खाली आलेली, राख दडपून घट्ट झालेली, आणि त्या राखेतून वाळलेल्या तरोट्याच्या (टाकळ्याच्या) काड्या उभ्या, वर लांब शेंगा लटकलेल्या. मुलगी एक शेंग मोडते, बी हातावर घेते. तरोटा पहिल्या पावसात उगवतो आणि दिवाळीनंतर वाळतो. चैत्रात आग लागली असती तर वाळला तरोटा सगळ्यांत आधी पेटला असता. तो उभा आहे, म्हणजे आग गेल्या पावसाळ्याच्याही आधीची. बापाने खरेदीखतावर अंगठा लावला तो यंदाच्या माघात.

शेती पाहिलेल्या प्रेक्षकाला हे न सांगता कळेल. न पाहिलेल्यांसाठी लेखकांनी एक वाक्य संवादात घातले होते. ते काढावे असा माझा आग्रह होता आणि अजूनही आहे.

लाखाची मदत

इथवर आल्यावर पटकथेत प्रेत सापडायला हवे होते, आणि माझ्या मते या प्रकरणाचा खरा पेच इथेच उभा राहिला. कायद्याने बाप मेला असे मानायचे तर सात वर्षे थांबावे लागते; ज्यांना त्याची खबर लागायला हवी त्यांनाच सात वर्षे ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार जिवंत म्हणणाऱ्यावर जातो. पूर्वीच्या पुरावा कायद्यातले हे कलम १०८ आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १११ आहे. मुलीकडे तारखेपर्यंतचे दिवस आहेत.

गावातून एक सोपा रस्ता पुढे येतो. साखळीतल्या माणसांच्या वतीने पोलीस पाटील सुचवतो की प्रेत ‘सापडेल’, मात्र ती शेतकरी आत्महत्या ठरली पाहिजे. नापिकी, कर्ज, डोक्यावर कोर्टाची केस. कोणाला संशय येणार नाही. आत्महत्या पात्र ठरली तर कुटुंबाला शासनाची एक लाखाची मदत मिळते, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार मुदतीच्या ठेवीत. बापाचे मरण कागदावर येते, काका जामिनातून सुटतो, मारणारे सुटतात, आणि घरात पहिल्यांदा पैसा येतो. नाही म्हणायला मुलीजवळ काय कारण आहे? ही सोय मूळ चित्रपटात नाही. तिथे मौन लादले जाते ते माराने. इथे मौनासाठी शासकीय अर्जाचा नमुना उपलब्ध आहे, आणि मला ते अधिक भयाण वाटते. विदर्भात ज्या घरांना ही मदत खरोखर मिळायला हवी होती त्यांतली कित्येक ‘अपात्र’ ठरली, कारण कर्ज नातेवाइकाकडून घेतलेले होते किंवा ते थकल्याचा दाखला नव्हता, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा प्रसंग सोसणे जड जाईल. लेखकांनी तो लिहिताना हात आखडता घेऊ नये असे मी सांगितले, पण खऱ्या विधवांच्या अर्जांकडे कोणी संशयाने पाहील असे एकही वाक्य त्यात राहू नये, अशी अटही घातली.

मग हिशेब तपासताना लक्षात आले की हा रस्ता मुलीला बंदच आहे. मदतीसाठी शेती कुटुंबाच्या नावावर असावी लागते, आणि शेत तर खरेदीखताने काकाचे झालेले. ज्या कागदाने बाप बाहेर आला त्याच कागदाने तो मेल्यावर शेतकरी उरला नाही. लेखकांपैकी एकाने यावर फट शोधली: नोंदणी झाली तरी सातबाऱ्यावर नाव लागायला फेरफार मंजूर व्हावा लागतो, हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघते, आणि काकाने फेरफाराचे काम रेटलेच नसेल तर सातबारा अजून बापाच्याच नावावर दिसेल. म्हणजे मदत मिळणे वा न मिळणे काकाच्या एका होकारावर आले. सगळ्या गावात मुलीला आता एकाच माणसाची मनधरणी करायची आहे, आणि तो मारेकऱ्यांपैकी नाही. पटकथा हलली ती या ठिकाणी.

मुलगी त्या अर्जावर सही करत नाही. का, याचे स्पष्टीकरण पटकथेत नाही, आणि ते नसावे.

रॉड

प्रेत मॅंगनीजच्या बंद पडलेल्या खदानीत आहे. जिल्ह्यात अशा पाणी भरलेल्या खदानी आहेत, आणि मे महिन्यात त्यांचे पाणी खाली जाते. दगड बांधून टाकलेला देह वर येतो. ओझार्कच्या थंडगार तळ्यात हातांवरचे ठसे टिकले. नवतपाच्या पाण्यात ते टिकणार नाहीत. खरेदीखत नोंदवताना बापाचे छायाचित्र आणि अंगठ्याचा ठसा घेतला गेला होता, म्हणजे अंगठा सरकारी दप्तरात आहे, आणि जुळवून पाहायला इथे अंगठा उरलेला नाही. डीएनए तपासणी नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळेत होऊ शकते, पण अहवाल कोर्टाच्या तारखेपर्यंत हाती येईल असे कोणताही वकील अशिलाला सांगणार नाही.

म्हणून मी रॉड सुचवला. बापाची मांडी पूर्वी ट्रॅक्टरवरून पडून मोडलेली आहे आणि मेडिकलमध्ये, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, तिच्यात रॉड घातलेला आहे. अशा रॉडवर बनवणाऱ्याची खूण आणि क्रमांक कोरलेला असतो, आणि तो शस्त्रक्रियेच्या कागदांत नोंदलेला असू शकतो. घरातल्या पत्र्याच्या पेटीत त्या वेळच्या डिस्चार्ज कार्डाला चिकटवलेले स्टिकर सापडते. ते कार्ड हरवू नये म्हणून आईने, मन ठीक होते तेव्हा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून शिवून ठेवलेले असते. शवविच्छेदनात रॉड निघतो, क्रमांक जुळतो. करवतीच्या दृश्याइतके ते डोळ्यांवर येणार नाही. परंतु मुलगी शवागाराच्या बाहेर ते स्टिकर हातात धरून जमादाराला आकडे वाचून दाखवते, आणि तो कागदावर उतरवताना एक आकडा चुकतो म्हणून तिला पुन्हा वाचायला सांगतो, या प्रसंगाला मी एकही सुधारणा सुचवली नाही.

अ.पा.क.

मूळ चित्रपट इथे जवळजवळ संपतो: मरण सिद्ध, घर वाचले, रोख हातात. नागपूरच्या पटकथेत मरण सिद्ध झाल्यावर वाचतो तो काका. आरोपीच जिवंत नसल्याने त्याच्यावरचा बोजा उतरतो, आणि त्यासाठी त्याने बोटही हलवलेले नसते. खरेदीखत मात्र जिथल्या तिथे आहे. “बाप मेल्याचा कागद आण, शेत परत करतो” हे त्याचे तोंडी बोलणे तेवढे मुलीच्या हाती आहे.

काकाने शब्द पाळावा की मोडावा, यावर लेखकांत दोन तट पडले. मी पाळावा या बाजूचा होतो, कारण मोडला तर प्रेक्षकाला राग करायला एक माणूस मिळतो आणि तो सुटतो. काका तयार होतो. पण परत करायचे म्हणजे नवे खरेदीखत, त्यावर पुन्हा मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी, आणि ते पैसे कोणाजवळ नाहीत. शेवटी ते काकाच भरतो आणि वहीत मांडून ठेवतो. शेत कोणाच्या नावे करायचे? वारस आई आणि तीन मुले, सर्वांचा वाटा सारखा. आई कागदावर सही करण्याच्या स्थितीत नाही. प्रादेशिक मनोरुग्णालयाचा केसपेपर तेच सांगतो. तिन्ही मुले अज्ञान, म्हणजे कायद्याने अल्पवयीन, थोरली सुद्धा अठराला काही महिने कमी. अज्ञानांच्या नावे जमीन घेता येते, पण सातबाऱ्यावर त्यांच्या नावापुढे पालनकर्त्याचे नाव ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) म्हणून लागते. मोठेबाबा तोवर मारेकऱ्यांच्या शोधात निघून गेलेले आहेत. गावात दुसरे वडीलधारे कोणी नाही. तलाठी विचारतो तेव्हा काका स्वतःचे नाव सांगतो, आणि मुलगी हो म्हणते.

कायद्याने त्याला जिल्हा न्यायालयाच्या परवानगीशिवाय ते शेत विकता येणार नाही. एवढी माहिती संवादात आणावी की नाही, यावर सध्या पटकथा थांबली आहे. लेखकांना ती नको आहे. माझ्या मते ती तलाठ्याच्या तोंडी, पावती फाडता फाडता, ओझरती यायला हरकत नाही, कारण मुलीला पुढे कधी ना कधी त्याच कोर्टाच्या पायऱ्या चढायच्या आहेत.